तलावाच्या वर

तलावाला पाठ नसते, हे मला लग्नानंतर पाच-सहा महिन्यांनी कळलं. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. बायकांचं जेवण घेऊन मी पहिल्यांदाच शेतावर निघाले होते आणि वाटेत भेटलेल्या दोघींना विचारलं, "तलावाच्या मागच्या बांधीत जायला रस्ता कुठून?" त्या दोघी चिखलाच्या हातांनी पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "तलावाले का पाठ असते का वो? पोट असते त्याले." ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. पुढं वर्षभर कोणी ना कोणी मला विचारायचं, "काहो सूनबाई, तलावाची पाठ सापडली का?"

मग सासूबाईंनी मला शिकवलं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, गाव आहे, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं आहेत, ती बाजू खालची. पाणी जिकडून येतं, जिकडं जमीन चढत जाते, ती बाजू वरची. शेत कुठं आहे? तलावाच्या वर. गुरं कुठं गेली? वर. उत्तर-दक्षिण कोणी विचारायचं नाही. सासरच्या माणसांना दिशा दोनच होत्या आणि दोन्ही पाण्यानं ठरवलेल्या होत्या.

मी वाढले जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. माझे वडील तिथं कामाला होते. आमच्या लाइनीत एका बाजूला कानपूरकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर मद्रासी. मराठी घरात, हिंदी अंगणात. शाळेत हिंदी वक्तृत्वाची बक्षिसं मलाच मिळायची आणि त्याचा मला ताठा होता. ताठाच म्हणते, उगाच अभिमान वगैरे म्हणून त्याला धुऊन काढत नाही. लग्न होऊन मी साकोली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात आले, तेव्हा माझी ती हिंदी ट्रंकेत घालून ठेवल्यासारखी झाली. तिथं बोलायचं ते झाडीपट्टीतलं बोलणं. मले, तुले, काहून, जाऊन राहिलो. मी बोलायला गेले की पोरंसुद्धा हसायची. मग मी चंग बांधला. दोन वर्षांत मी असं बोलायला लागले की माहेरी गेल्यावर आई म्हणायची, "अगं, नीट बोल की जरा." म्हणजे इकडं हसणारे गप्प झाले आणि तिकडं हसणारे तयार झाले.

माझे सासरे शेती करायचे आणि गावचं पोस्टही सांभाळायचे. त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणायचो. आमच्या ओसरीच्या एका टोकाला टेबल, शिक्का, लाखेची कांडी, भिंतीला टांगलेली लाल पेटी आणि गावातला एकुलता एक काळा फोन. रोज अकराला मामाजी पेटी उघडायचे, पत्रांवर शिक्के मारायचे, थैली बांधायचे आणि डाकवाला ती सायकलवर घालून एकोडीकडं न्यायचा. त्यांचा एक नेम होता. दुसऱ्याच्या पत्राकडं पत्त्यापलीकडं बघायचं नाही. उघडं पोस्टकार्ड असलं तर ते पालथं धरायचे. गावात निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. ते पत्र वाचून दाखवा म्हणायचे, तेव्हाच ते वाचायचे, आणि वाचलेलं तिथंच विसरायचे. निदान तसं दाखवायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. श्रावणात झड लागली ती नऊ दिवस थांबली नाही. वैनगंगा फुगली, कारध्याचा पूल पाण्याखाली गेला, भंडाऱ्याकडून येणारं सगळं बंद. आमच्याकडचे नालेही असे चढले की साकोलीचा रस्ताही तुटला. माझे यजमान खताच्या दुकानावर साकोलीला होते, ते तिथंच अडकले. खालच्या टोलीतली, म्हणजे सखल वस्तीतली, घरं बसली आणि तिथली माणसं शाळेत येऊन राहिली. तिसऱ्या दिवसापासून शाळेत हगवण सुरू झाली. धान्य भिजलेलं, पाणी गढूळ, औषध नाही. मामाजींनी फोनवर फोन केले. आश्चर्य म्हणजे फोन चालू होता.

दहाव्या दिवशी सकाळी पाऊस विरळ झाला, पण धुकं असं उतरलं की अंगणातला गोठा दिसेना. आठाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडं भंडाऱ्याहून कोणी साहेब होते, हिंदी बोलणारे. मामाजी दोनदा म्हणाले, "हव साहेब, हव साहेब," आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला हाक मारली. "बाई, इकडं ये. याची हिंदी लई फर्राट हाये. तू बोल."

मी हात पुसत आले. काय सांगू, मला आनंद झाला. तिकडं शाळेत माणसं हगवणीनं आडवी पडली होती आणि मला आनंद झाला, कारण माझी ट्रंकेतली हिंदी कोणाला तरी हवी होती. साहेब म्हणाले, सरकारी हेलिकॉप्टर औषध आणि खाण्याची पाकिटं घेऊन येतंय, उतरायला कोरडी, सपाट, मोकळी जागा कुठं आहे? मी मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "तलावाच्या वर. सडकेच्या बाजूले, जत्रा भरते तो मोकळा. दुसरी जागा कोठं हाये?"

मी फोनमध्ये म्हणाले, "तालाब के ऊपर. खुला मैदान है."

"तालाब के ऊपर?" साहेबांनी विचारलं.

"जी हाँ. बिलकुल ऊपर." 

त्यांनी विचारलं होतं. मी त्या एका प्रश्नाकडं किती वेळा परत गेले असेन, त्याला गणती नाही. तो माणूस थांबला होता. त्याला काहीतरी खटकलं होतं. कोणत्याही क्वार्टरमधल्या पोरीला ते कळलं असतं. तालाब के उस पार, सडक के किनारे, एवढं म्हटलं की झालं. 'ऊपर' आणि 'उस पार' यांची गल्लत केली म्हणून शाळेतल्या बाईंनी मला छडी मारली असती. पण दोन वर्षं मी घासून घासून जे शिकले होते तेच माझ्या तोंडून बाहेर आलं, फक्त त्याला हिंदी कपडे घालून. आणि सडकेचं तर मी बोललेच नाही. मामाजी बोलले होते, मी गाळलं. का गाळलं? कारण ते मला फालतू वाटलं. हेलिकॉप्टरला सडक कशाला लागते?

साहेब "ठीक है" म्हणाले आणि थोड्या वेळानं फोन बंद पडला तो आठवडाभर.

मामाजी आणि गावचे पुरुष शाळेतल्या पोरांना घेऊन वर मोकळ्यावर गेले. आम्ही बायका पाळीवर उभ्या राहिलो, कारण घरापासून तेवढंच जवळ होतं आणि हेलिकॉप्टर कोणी पाहिलेलं नव्हतं. डोक्यावर पोती घेतलेली. समोर तलाव होता हे आम्हाला माहीत होतं म्हणून होता. दिसत काही नव्हतं. जवळचं पाणी दुधासारखं पांढरं, त्याच्या पुढं धुकं, त्याच्या वर आभाळ, आणि तिन्हींमध्ये रेघ कुठंच नाही. वारा पडलेला, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

दहाच्या पुढं आवाज ऐकू आला. आधी खालच्या बाजूनं, मग गावावरून, मग आमच्या डोक्यावरून. सगळ्या बायका वर बघत होत्या. आवाज पुढं गेला, फिरला, पुन्हा आला. तलावाच्या भोवतीच घुटमळत होता. माझ्या शेजारची म्हणाली, "मोकळा तं तिकडं हाये, हा इथंच काहून फिरून राहिला?" मी म्हणाले, "शोधत असेल." आणि मग मला हेलिकॉप्टर दिसलं. क्षणभरच. ते वर नव्हतं. आम्ही पाळीवर उभ्या होतो आणि ते आमच्या नजरेच्या खाली होतं, पाण्याच्या अगदी जवळ, सरळ निवांत चाललेलं, जणू त्याच्याखाली अजून पुष्कळ जागा होती.

मग थप्पड मारल्यासारखा एक आवाज झाला, त्यामागं काहीतरी मोडल्याचा, आणि मग काहीच नाही. सगळ्यात शेवटी लाटा आल्या. आमच्या तलावात लाटा नसायच्या. त्या येऊन पाळीच्या दगडांवर आपटल्या आणि आमचे पाय भिजले.

गावातला एक म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमार, तेव्हा पाण्यातच होता. तलाव भरून पाणी सांडीवरून बाहेर जात होतं, तिथून मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तो जाळं लावायला डोंगा, म्हणजे आपली लाकडी होडी, घेऊन गेला होता. आवाजाच्या रोखानं त्यानं डोंगा हाणला. अर्ध्या तासानं धुक्यातून तो आला, डोंग्यात एक माणूस आडवा होता आणि खोकत होता. तो पायलट होता. त्याच्याबरोबर एक तरुण कंपाउंडर होता, औषधाच्या पेट्या सांभाळायला पाठवलेला. तो मागं बसला होता. त्याला काढता आलं नाही. तिसऱ्या दिवशी जाळी लावून काढला. मी पाहायला गेले नाही. सासूबाई गेल्या होत्या, त्यांनी येऊन एवढंच सांगितलं की पोरगा लहान होता, मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती.

पायलटला आमच्या घरी आणलं. दुसरं घर नव्हतं जिथं कोरडी जमीन आणि चहाला दूध होतं. मामाजींनी त्याला आपलं धोतर दिलं. त्याला नेसता येईना, तेव्हा त्यांनी स्वतः लहान मुलाला नेसवावं तसं नेसवलं. चाळिशीचा असेल. कपाळाला खोक पडलेली, कपबशी वाजत होती म्हणून मी नुसता पेला दिला. तो पुनःपुन्हा त्या मुलाचं विचारत होता. म्हातारा ढिवर दाराशी उकिडवा बसला होता. तो मामाजींना म्हणाला, "त्याले सांगा, त्याचा दोष नाही. अशा धुईत पानी दिसत नाही. आमी डोंगा आनतो तं वल्ह्यानं पानी मोडत मोडत आनतो. पानी मोडलं तरच समजते का पानी हाये. पाखरू बी आदळते." मामाजींनी मला सांगितलं, "सांग त्याले." मी सांगितलं. माझी हिंदी अगदी छान चालली होती.

तो ऐकत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "हाँ. पानी और आसमान एक हो गए थे. मुझे लगा, अभी बहुत ऊँचा हूँ." त्यानं कपाळाची खोक चाचपली. "पर मैं पानी पर आता ही नहीं. मुझे कहा गया, मैदान तालाब के ऊपर है. मैं सोचता रहा, तालाब के ऊपर मैदान कैसे होगा? फिर सोचा, तालाब पर पहुँचूँगा तो दिख जाएगा. किसी ने सड़क बताई होती, तो सड़क पकड़कर आ जाता."

माझ्या हातात चहाचं पातेलं होतं. मला आठवतं, मी ते खाली ठेवलं नाही. तो काय म्हणाला ते मामाजींनी विचारलं. मी म्हणाले, "पाणी दिसलं नाही म्हणतात."

तिथून सुरुवात झाली. तोवर माझ्याकडून नुसती चूक झाली होती. चूक कोणाच्याही हातून होते, शब्दच तो, घसरला. पण त्या वाक्यापासून पुढं जे झालं ते मी समजून उमजून केलं.

दोन दिवसांनी रस्ता उघडला आणि सरकारी माणसं त्याला घेऊन गेली. जाताना त्यानं सासूबाईंच्या पाया पडून नमस्कार केला. धोतर त्याच्या अंगावरच होतं, त्याचे कपडे वाळलेच नव्हते.

पंधरा-वीस दिवसांनी चौकशीचा साहेब जीप घेऊन आला. ओसरीत खुर्चीवर बसला. तो मराठीच होता. ढिवराला विचारलं, पाटलाला विचारलं, मामाजींना विचारलं. मग म्हणाला, "फोनवर जागा कोणी सांगितली?" मामाजी म्हणाले, "आमच्या सूनबाई बोलल्या." साहेब दाराकडं वळला.

आता हे ऐका. मी क्वार्टरमधली पोर. डोक्यावरून पदर घ्यायचा या गोष्टीवरून मी सासूबाईंशी वर्षभर भांडले होते आणि जिंकले होते. त्या दिवशी मी दाराआड उभी राहिले, पदर नाकापर्यंत ओढला आणि घुंगटातून, खाली मान घालून म्हणाले, "मैदान सांगितलं होतं."

साहेबानं लिहिलं, मैदानाची माहिती दिली होती. खोटं काहीच नव्हतं त्यात. घरच्या बाईला आणखी काय विचारायचं म्हणून त्यानं वही मिटली. मामाजींनी एकदा दाराकडं पाहिलं आणि मग ते लाखेची कांडी उगाच इकडची तिकडं ठेवू लागले.

दसऱ्याच्या आधी एक पार्सल आलं आणि त्याच्याबरोबर एक पाकीट. पार्सलात मामाजींचं धोतर, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं. त्या धोतराला जन्मात इस्त्री लागली नव्हती. पाकिटावर हिंदीत पत्ता होता: पोस्टमास्टर साहब की बहू. परक्या पुरुषाचं पत्र सुनेच्या नावानं. दुसरा कोणी सासरा असता तर निदान दिव्यासमोर धरून पाहिलं असतं. मामाजींनी ते माझ्या हातात दिलं. "तुह्या नावानं हाये," एवढंच म्हणाले.

पत्र छोटं होतं. आमचे आभार मानले होते. पुढं लिहिलं होतं की, चौकशीत असं ठरतंय की मी मनानं, कारण नसताना, दिसत नसताना पाण्यावर खाली गेलो. भंडाऱ्याचे साहेब म्हणतात, त्यांनी फक्त मैदान कळवलं. त्या दिवशी फोनवर तुम्ही काय सांगितलं होतं ते दोन ओळींत लिहून पाठवाल का? तुमच्यावर काही येणार नाही. त्या कंपाउंडर मुलाच्या घरी जाऊन आलो, त्याच्या आईला काय सांगावं ते मला कळलं नाही. निदान मी बेफिकिरीनं गेलो नव्हतो एवढं मला सांगता यावं.

दोन ओळी. त्याची नोकरी आणि त्याचं तोंड, दोन्ही त्या दोन ओळींत होतं.

त्याच संध्याकाळी माझ्या फडताळात, कंगव्याच्या शेजारी, एक कोरं निळं अंतर्देशीय पत्र ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. गावात अंतर्देशीय एकाच माणसाकडं मिळायचं. मी त्याच्यावर ब्लाउजपीस ठेवला.

मी लिहिलं नाही. का नाही लिहिलं? पुढं मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. घराण्याचं नाव सरकारी कागदात जाईल. मामाजींच्या पोस्टावर बालंट येईल. यजमान रागावतील. ते रागावले नसते. त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लिहून टाक अन् मोकळी हो. म्हणून मी त्यांनाही सांगितलं नाही. खरं कारण एवढंसं आहे की सांगायची लाज वाटते. मला हसतील ही भीती होती. गाव म्हणेल, फॅक्टरीच्या सुनेची मोठी हिंदी, तिनं माणूस मारला. तलावाच्या पाठीसारखं हेही वर्षानुवर्षं चालेल, फक्त हसून नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले, तेव्हा ते निळं पत्र बरोबर घेतलं. जवाहरनगरला वडिलांच्या टेबलावर बसून, स्वच्छ हिंदीत, मी सगळं लिहिलं. आमच्या बोलीत 'वर' म्हणजे काय, ते मला कसं शिकवलं गेलं, साहेबांनी परत विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, मामाजींनी सडक सांगितली होती आणि मी गाळली. दोन ओळींच्या ऐवजी पत्र भरून गेलं. चिकटवलं, पत्ता लिहिला, आणि बसस्टॉपजवळच्या पेटीकडं गेले. पत्राचं टोक पेटीच्या तोंडात होतं. तेवढ्यात फॅक्टरीची बस आली, माणसं उतरली आणि मागून हाक आली. आमच्या शेजारच्या कानपूरवाल्या चाची.

"अरे बिटिया, तू कब आई? गाँव में रहकर हिंदी भूल तो नहीं गई?"

मी वळले. पत्र हातातच. मी म्हणाले, "भूलूँगी कैसे चाची, हमारे यहाँ तो बड़े-बड़े अफसरों के फोन आते हैं, मुझे ही बात करनी पड़ती है."

हे मी बोलले. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. चाचींनी माझ्या गालावरून हात फिरवला, कौतुक केलं, आणि आम्ही बोलत बोलत क्वार्टरपर्यंत आलो. पत्र पर्समध्ये. उद्या टाकू, म्हटलं. उद्या भाऊबीज होती. परवा परतीची गाडी. आणि गावातून टाकायचं म्हणजे ते मामाजींच्या हाताखालून जाणार, शिक्का तेच मारणार, पत्ता तेच बघणार. ते मला नको होतं. पत्र ट्रंकेत तळाशी गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी सांगितलं की तुमच्या तलावातल्या त्या पायलटचं उडणं बंद केलं म्हणे. फॅक्टरीत कोणाला तरी कोणाकडून कळलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मी म्हणाले, "असं का," आणि पोळ्या लाटत राहिले.

माणूस फार निर्ढावलेला असतो. वर्षं जातात आणि आपण जेवतो, हसतो, मुलांची लग्नं ठरवतो. मी गावात रुळले. लोक मला विचारायला यायचे, अर्ज लिहून घ्यायचे, भांडणात मधे घालायचे. नवीन सून आली की तिला मीच शिकवायची, हे वर, हे खाली. दर श्रावणात एक-दोन सकाळी तशा यायच्या, तलाव आणि आभाळ एक होणाऱ्या. तेव्हा मी पाळीकडं जायची नाही. कामाचं निमित्त काढायची. म्हाताऱ्या ढिवराला मात्र ते ठाऊक असल्यासारखं वाटायचं. तो मासे द्यायला आला की म्हणायचा, "आज धुई हाये बाई, घरीच रहा." त्याला काही ठाऊक नव्हतं. काळजीनं म्हणायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामाजी आजारी पडले. पोस्ट आधीच दुसऱ्या घरी गेलं होतं, लाल पेटीचे चार खिळे तेवढे भिंतीत राहिले होते. त्यांची खाट मधल्या खोलीत टाकली होती, तिथं जरा ऊब असायची. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. खाणं थांबवून ते म्हणाले, "बाई, एक गोष्ट सांगू का?"

"सांगा ना मामाजी."

"तो चौकशीवाला आला होता, तवा मीच बोलाले पायजे होतं. वर हा शब्द माह्या तोंडचा. तू तं फक्त सांगितला. तो पायलट 'ऊपर' म्हनला, तेवढं मलेही समजलं. पन मी बोललो असतो तं तुह्यं नाव आलं असतं, म्हनून मी चुप राहिलो. त्याचं मले लई वाईट वाटे." ते दमले, थांबले. मी वाटी धरून बसले. "मंग त्याचं पत्र आलं. मी काई वाचलं नाही, पन समजलो. तुले अंतर्देशी ठेवली. मंग रोज पेटी उघडू तं आधी निळं पाहू. रोज. दिवाळीलोक पाह्यलं. नाही दिसलं."

मी त्यांच्या ओठाकडची पेज पुसली. 

"मंग तू माहेरी गेली," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. "मंग समजलो. म्हनलं, पोरगी शहाणी हाये. माह्या हातून जाऊ नोये म्हनून तिथून टाकन. मी वाचत नाही हे का तुले मालूम नव्हतं? पन ठीक हाये. तुह्याच पायी मले रातच्याले झोप लागली. नाही तं त्या मानसाचं तोंड दिसे." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तिथून टाकलं ना?"

कोणी म्हणेल, जाणाऱ्या जिवाला शांत करायला बोललेलं खोटं हे खोटं नसतं. म्हणोत बापडे. मला माहीत आहे मी कोणासाठी बोलले. दहा वर्षं तो माणूस मला ज्या नजरेनं पाहत होता ती नजर मला शेवटपर्यंत हवी होती. गावात आपल्याला जो मान आहे तो आपण झाडीबोली शिकलो म्हणून आहे, असं मी समजत होते. माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांतला मान त्या पत्रासाठी होता.

"हो मामाजी," मी म्हणाले. "तिथूनच टाकलं."

त्यांनी डोळे मिटले आणि पेजेसाठी तोंड उघडलं. मी भरवलं. माझी ट्रंक त्यांच्या खाटेखालीच होती.